अर्ध्या चाकरीतला मल्हार

घोडा म्हातारा झाला हे चालीवरून कळायच्या आधी लिदीवरून कळतं. लिदीत अख्खे हरभरे दिसायला लागले, गव्हाणीखाली चघळून टाकलेल्या गवताच्या ओल्या गोळ्या सापडायला लागल्या, की समजावं दाढांनी कामातून अंग काढून घेतलंय. आमचा घोडा सांभाळणाऱ्या साईसबाबांनी मल्हारच्या अशा गोळ्या ओळीने ओट्यावर मांडून मला दाखवल्या होत्या. ‘‘देखो दिदी, खाता नहीं है, पान की तरह थूकता है.’’

घोड्याची दाढ हिरडीतून सतत वर येत राहते, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि चघळून चघळून तेवढीच झिजते. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळे झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांना बाहेरून आणि खालच्यांना आतून धार येते आणि ती गालाला, जिभेला कापते. पंचविशीच्या आसपास तर वर यायला दाढच शिल्लक राहत नाही. मल्हार आता चोविशीत आहे. जबलपूरला राहण्याचा एक फायदा असा, की इथलं पशुवैद्यक महाविद्यालय १९४८ पासूनचं. आता ते नानाजी देशमुखांच्या नावाच्या विद्यापीठात आहे. नानाजी मूळचे हिंगोलीकडच्या कडोळीचे, त्यामुळे ती पाटी वाचताना आमच्या घरातल्यांची मान उगाचच ताठ होते. तिथे शिकलेले एक डॉक्टर येतात, मल्हारच्या तोंडात लोखंडी आकडा बसवतात आणि हातभर लांब कानशीने दाढांच्या कडा घासून देतात. आवाज ऐकवत नाही. मल्हार मात्र गुंगीच्या इंजेक्शनमुळे खालचा ओठ लोंबवून उभा असतो.

मल्हारला काकांनी सारंगखेड्याहून आणला. दत्तजयंतीला तापीकाठी भरणारी ती यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी महाराष्ट्राबाहेरही ठाऊक आहे. काका वर्षानुवर्षं नुसतेच बघायला जायचे, त्या वर्षी मात्र चार वर्षांचा कुमैत रंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला, काठियावाडी वळणाचा घोडा ट्रकमध्ये घालून आले. कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडतात, तेवढ्यावर ते भाळले होते. काकू आठवडाभर बोलल्या नाहीत. आमचे आजोबा गन कॅरेज फॅक्टरीत लागले म्हणून आम्ही जबलपूरचे झालो. १९०४ साली उभी राहिलेली ती फॅक्टरी तोफांचे गाडे बनवायची. काका म्हणायचे, ‘‘बाबांनी जन्मभर गाडे केले, घोडा घरात मीच आणला.’’

तिलवारा पुलापलीकडे, नागपूर रस्त्यापासून थोडं आत आमचं शेत आहे. तिथे मल्हारने काकांना पाठीवर वागवलं, आसपासच्या पोरांना बसायला शिकवलं, हिवाळ्यात हलकी गाडी ओढली. काका गेल्यावर घरात प्रश्न आला की याचं करायचं काय. विकून टाका म्हणणारे होते. मोकळा सोडून द्या, नर्मदाकाठी चरेल, असं म्हणणारेही होते, आणि ते स्वतःला दयाळू समजत होते. देशात घोडी आणि तट्टं मिळून २०१२च्या पशुगणनेत सव्वासहा लाख होती, ती २०१९ला तीन लाख चाळीस हजारांवर आली. इतक्या झपाट्याने कमी होणाऱ्या जनावराचा म्हातारपणीचा बाजार कसा असेल, हे वेगळं सांगायला नको. मी बँकेतून नुकतीच निवृत्त झाले होते. मल्हार माझ्याकडे राहिला, आणि साईसबाबाही.

पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, आता याला आराम देऊ. साईसबाबा हसले नाहीत, रागावले. ‘‘घोड़ा रुका तो समझो गया.’’ डॉक्टरांनी तेच शास्त्राच्या भाषेत सांगितलं. उभ्या घोड्याच्या पायांत पाणी उतरतं, सांधे आखडतात, पाठीवरचं मांस वितळून कणा वर येतो, आतड्याची हालचाल मंदावते. चाल बंद पडली की यातलं काहीही उलटवणं या वयात फार अवघड. म्हणून मल्हारला निवृत्ती नाही, अर्धी चाकरी आहे. सकाळी उन्हाआधी मोहरकी घालून नुसती पायी चाल. सुरुवातीला तो मागचे पाय ओढतो, खडबडीत जमिनीवर अडखळतो, पण वीसेक मिनिटांनी अंग मोकळं झालं की मान खाली सोडून लांब पावलं टाकायला लागतो. मग शेताकडचा चढ एकदा, कधी दोनदा. पुठ्ठ्याचं मांस टिकवायला चढासारखं काही नाही. दुडकी फक्त मऊ मातीवर आणि फक्त त्याला वाटली तर. डांबरी रस्त्यावर चालच. घाम आला नाही तर काम कमी झालं, आणि धाप तीन-चार मिनिटांत बसली नाही तर जास्त झालं. साईसबाबांचं गणित एवढंच, आणि मला ते पुस्तकी गणितापेक्षा जास्त पटतं.

चंदीचं मात्र सगळंच बदललं. कोरडे हरभरे बंद. रात्री भिजवलेला भरडा जव, गव्हाचा कोंडा, शिजवलेली जवस, मूठभर मीठ, आणि हे सगळं इतकं ओलं की तोबऱ्यात ठेवता येत नाही, घमेल्यात द्यावं लागतं. कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी, नुसत्या कोंड्यावर घोडा पोसला तर हाडं पोकळ होतात, म्हणून कॅल्शियमची भुकटी वेगळी. घोड्याचं पोट अंगाच्या मानाने लहान, दहा-पंधरा लिटरच्या आतलं, आणि त्याला उलटी होत नाही. गेलं ते गेलं. तेव्हा दोन वेळचं जेवण चार वेळांत वाटायचं. शिवाय घोड्याच्या तोंडात लाळ सुटते ती चावलं तरच, नुसता वास येऊन नाही. दाढा कमजोर म्हणजे चावणं कमी, लाळ कमी, आणि कोरडा घास आतड्यात अडकण्याची भीती जास्त. म्हणून हिवाळ्यात बरसीमही बारीक कापून, आणि कापल्यावर थोडी सुकवून.

तरीही एक रात्र आलीच. पाटण, शहापुऱ्याकडून जबलपूरला मटारचे ट्रक येतात तो हंगाम होता. शेजारच्या शेतातल्या आजोबांनी तोडणी झालेल्या मटारचे हिरवे वेल भाराभर आणून मल्हारपुढे टाकले. लाडच होता तो. संध्याकाळी मल्हारने घमेल्याला तोंड लावलं नाही. मग मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायला लागला, पुढच्या पायाने जमीन उकरायला लागला, वरचा ओठ मुडपून दात दाखवायला लागला. साईसबाबांनी कुशीला कान लावला, डाव्या, मग उजव्या. एरवी तिथे सारखी गुडगुड चालू असते. तेव्हा काहीच नव्हतं. मी जबड्याखालच्या नाडीवर बोट ठेवून घड्याळ बघत होते. विश्रांतीतल्या घोड्याची नाडी मिनिटाला तीस-चाळीस असते. साठच्या वर गेली, हिरड्या विटकरी झाल्या, की प्रकरण हाताबाहेर चाललं समजायचं. मल्हारची बावन्न होती आणि हिरड्या अजून गुलाबी होत्या. डॉक्टर येईपर्यंत आम्ही त्याला लोळू न देता धीम्या चालीने फिरवत राहिलो. त्यांनी वेदनेचं इंजेक्शन दिलं, नाकातून नळी पोटापर्यंत घातली, आधी साठलेला वायू आणि आंबूस हिरवं पाणी बाहेर काढलं आणि मग त्याच नळीने लिक्विड पॅराफिन सोडलं. पहाटे तीनच्या सुमाराला मल्हारने शेपूट उचललं. लीद पडली त्याचा इतका आनंद झाल्याचं मी घरी कुणाला सांगितलं नाही. साईसबाबांनी मात्र हात जोडले.

बाकी जबलपूरचे ऋतूच त्याची परीक्षा घेतात. मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या पुढे जातो तेव्हा फिरणं पहाटे पाचला, आणि पाणी दिवसाला तीन बादल्यांऐवजी पाच-सहा. अंगावर पाणी ओतून तसंच सोडायचं नाही, ते हाताने निपटून पुन्हा ओतायचं, नाहीतर केसांत अडकलेलं पाणी तापतं. घोडा उन्हात उभा असून कोरडा असेल तर त्याचा अर्थ घाम थांबलाय, आणि ते घामाघूम होण्यापेक्षा वाईट. अशा उन्हाळ्यातच, २०२५च्या मे महिन्याच्या सुमाराला, हैदराबादहून ५७ घोडे आमच्याच जिल्ह्यात, पनागरजवळ रायपुऱ्याला आणले गेले, आणि काही दिवसांतच त्यांतले एकेक मरायला लागले. ग्लँडर्सचा संशय आला, रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात गेले. हा रोग घोड्यातून माणसाला होऊ शकतो आणि रोगी जनावराला औषध नाही, मारावंच लागतं. त्या दिवसांत मल्हारच्या नाकातून साधं पाणी आलं तरी माझा जीव खाली-वर व्हायचा. हिसारचा निकाल ग्लँडर्स नसल्याचा आला, पण आमच्या तबेल्यात बाहेरची बादली आणि बाहेरचा खरारा तेव्हापासून येऊ दिलेला नाही.

पावसाळा मला सगळ्यात नकोसा. चार महिने चिखल. खुराच्या तळाशी जो त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो, नालबंद त्याला पुतळी म्हणतात, तो सडायला लागतो. काळा चिकट स्राव आणि असा वास की विसरता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे रोज खूर खरवडणं, कोरडी जागा आणि पुन्हा रोज खूर खरवडणं. मल्हारच्या जागेला आम्ही मुरूम आणि वर जाड वाळू घातली आहे. आमचे नालबंद जबलपूरच्या सदर भागातून येतात, दर सहा-सात आठवड्यांनी, आणि त्यांच्या मुलाने हा धंदा घेतलेला नाही. मल्हारचा पाय ते आता उंच उचलत नाहीत. स्वतः जमिनीला टेकून, पाय आपल्या मांडीवर ठेवून काम करतात, मधेमधे खाली सोडतात. मागच्या पायांचे नाल त्यांनीच काढून टाकले, ‘‘सड़क पर जाता कहाँ है अब?’’ म्हणून.

पाऊस ओसरता ओसरता मोठ्या चावऱ्या माश्या येतात आणि त्यांच्याबरोबर सर्रा नावाचा रोग. १८८० साली डेरा इस्माइल खान इथे ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या पशुवैद्याने याचा जंतू घोड्या-उंटांच्या रक्तात पाहिला. ताप चढतो-उतरतो, पोटाखाली सूज येते, खाणं चालू असून घोडा वाळतो. म्हातारा घोडा वाळला की सगळे म्हणतात, वयच झालं त्याचं. मला या वाक्याचा राग आहे. वय हा रोग नाही; वाळण्याला दात, जंत, सर्रा, मूत्रपिंड असं काहीतरी कारण असतं, आणि रक्त तपासल्याशिवाय ते कळत नाही.

वाळलाय की नाही हेही डोळ्यांनी कळत नाही, निदान हिवाळ्यात. इथे रात्री पारा पाच-सहापर्यंत उतरतो आणि मल्हारच्या अंगावर लव इतकी दाट येते की दिसायला तो गुटगुटीत दिसतो. अमेरिकेत हेनेके यांनी १९८३ साली घोड्याच्या अंगलोटाला एक ते नऊ गुण देण्याची पद्धत मांडली. तिचं सार हातातच आहे. तळवा बरगड्यांवरून सपाट फिरवायचा. बरगड्या लागल्या पाहिजेत, दिसता कामा नयेत. मग मानेचा वरचा काठ, खांद्यामागची जागा, शेपटाचं मूळ. रविवारी खरारा झाल्यावर मी हे करते आणि शिवणाची टेप घेऊन छातीचा घेर मोजते. घेराचा वर्ग गुणिले खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. मापं सेंटिमीटरमध्ये, उत्तर किलोमध्ये. १६५ घेर आणि १५० लांबी धरून मल्हार ३४४ किलो भरतो.

हा आकडा मला तोंडपाठ असण्याचं कारण लग्नसराई. तुळशीचं लग्न झालं की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. तरण्याताठ्या घोड्यानेसुद्धा आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं वाहू नये. मल्हारला मी सातवा हिस्सा धरते, म्हणजे खोगिरासकट पन्नास किलोच्या आत. गेल्या हंगामात राइट टाउनमधल्या ओळखीच्या घरून विचारणा झाली. मी अटी सांगितल्या: डीजे नाही, फटाके नाहीत, गेटपासून मांडवापर्यंतच. एवढं कबूल झालं. मग नवरदेवाचं वजन विचारलं. पलीकडे जरा वेळ शांतता. अठ्ठ्याऐंशी. शेवटी मुंडावळ्या बांधून घोड्यावर बसला तो नवरदेवाचा सात वर्षांचा भाचा, आणि नवरदेव शेरवानीत, लगाम धरून, बाजूने चालत. फोटो म्हणे फार छान आले. मल्हार सनईला कान टवकारून ऐटीत चालला, आणि मांडवाच्या दारातलं केळीचं पान त्याने खाल्लं.

नवरदेवाच्या मामांनी पैशाचं विचारलं. मी म्हटलं, पैसे नकोत, कोंड्याची दोन पोती पाठवा. अजून एकच आलंय.