एकराचे माप

२०१९ साली जून ते सप्टेंबर असे चार महिने अमेरिकेतील आयोवा राज्याच्या एका ग्रामीण कौंटीत सेवा करण्याची संधी आम्हांस लाभली. कौंटी म्हणजे आपल्याकडील तालुक्यासारखा विभाग. वसईच्या वाड्या पाहिलेल्या आमच्या डोळ्यांना मका आणि सोयाबीनचा तो विस्तार आवरत नसे.

धर्मग्रामस्थ मात्र चिंतेत होते. व्यापारयुद्धात चीनने जुलै २०१८ मध्ये अमेरिकन सोयाबीनवर २५ टक्के जादा जकात लादली आणि भाव कोसळले. त्याची भरपाई म्हणून सरकारने २०१९ मध्ये पेरलेल्या क्षेत्रावर एकरी रक्कम जाहीर केली. कौंटीनुसार दर १५ ते १५० डॉलर. पण एका कौंटीत सर्वांना तोच. रविवारी प्रवचनात आम्ही या मदतीबद्दल परमेश्वराचे आभार मानले.

मिस्सा संपल्यावर एक वृद्ध शेतकरी दाराशी थांबले. स्वतःची १६० एकर आणि खंडाने घेतलेली ८० एकर, एवढी त्यांची शेती. "फादर, जरा हिशेब मांडून पाहा," इतकेच ते म्हणाले.

आम्ही मांडला. समजा, एकरी ६० डॉलर. त्यांना मिळणार १४,४०० डॉलर. त्यांच्या मागच्या बाकावर बसणाऱ्या, ३,००० एकर कसणाऱ्या कुटुंबाला १,८०,०००. हाती पैसा आला की मोठा शेतकरी शेजारच्या जमिनीला वाढीव खंड देऊ करतो. आयोवात खंड संपविण्याची नोटीस १ सप्टेंबरपर्यंत द्यावी लागते. वृद्धांना ती ऑगस्टअखेर मिळाली. त्यांची ८० एकर त्याच कुटुंबाकडे जाणार होती. कोणी कोणाला फसविले नव्हते; नियमही मोडला नव्हता.

त्याच महिन्यात त्या कुटुंबाने ख्रिस्तमंदिराच्या छपरासाठी भरघोस देणगी दिली. आम्ही वेदीवरून त्यांचे आभार मानले. वृद्धांच्या नजरेला नजर देणे मात्र टाळले.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील धन्याने कामाचे तास मोजले नाहीत, माणसाची गरज पाहिली. सरकारने एकर मोजले, आणि ज्याच्याकडे अधिक होते त्याला अधिक मिळाले.

वाचकहो, परक्या देशाचा दोष दाखविणे सोपे असते. आपल्याकडे पीएम किसान योजनेत २०१९ पासून कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. एकर कमी असोत वा जास्त. हे आम्हांस अधिक न्याय्य वाटले. परंतु ही रक्कम जमिनीच्या कागदावरील नावाला मिळते, राबणाऱ्या हातांना नव्हे. आमच्या वडिलोपार्जित वाडीच्या सातबाऱ्यावर आमच्या भावाचे नाव आहे. वाडी कसते ते एक आदिवासी कुटुंब. हप्ता भावाच्या खात्यात जमा होतो.

आयोवात जे आम्ही बोललो नाही, ते येथे घरीही अद्याप बोललेलो नाही. येत्या रविवारी भावाकडे जेवणाचे निमंत्रण आहे. त्या दिवशी बोलू.