बर्फ, यंत्र आणि शेजारधर्म

संस्कृत भाषेंत हिम, तुहिन, प्रालेय, नीहार अशीं एकाच पदार्थाचीं अनेक नांवें आहेत. आपल्या मराठींत मात्र आकाशांतून कापसासारखें पडणारें हिम आणि सरबताच्या पेल्यांत घालावयाचा खडा, या दोहोंसही व्यवहारांत एकच शब्द, आणि तोही फारशींतून आलेला : बर्फ. ज्या वस्तूशीं संसारांत संबंध येत नाहीं तिला निराळें नांव देण्याचे श्रम भाषा घेत नाहीं, हेंच यावरून दिसतें. कोंकणांत जन्म घालविलेल्या आम्हांस हिमाचा परिचय होता तो कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गापुरता. हिमालयाचें तें वर्णन आम्हीं अनेक वर्षें शाळेंत मोठ्या प्रेमानें सांगितलें. परंतु तेंच हिम स्वतःच्या दारांत येऊन पडलें म्हणजे गृहस्थास काय काय करावें लागतें, हें समजण्याचा योग गेल्या हिंवाळ्यांत आला.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंत, न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकास, बफेलो शहराच्या दक्षिणेकडील एका गांवीं राहतात. तेथें आम्हीं उभयतांनीं तीन महिने काढले. हें शहर ईरी नांवाच्या विस्तीर्ण सरोवराच्या पूर्व टोकाशीं वसलेलें आहे. हिंवाळ्याच्या आरंभीं सरोवराचें पाणी अजून उबदार असतें, आणि त्यावरून वाहणारा वारा मात्र अतिशय थंड. हा वारा पाण्याची वाफ उचलतो आणि किनारा ओलांडतांच ती हिमाच्या रूपानें टाकून देतो. वर्षाकाठीं सरासरीनें आठ फुटांच्या आसपास हिम येथें पडतें. २०१४ च्या नोव्हेंबर महिन्यांत तर शहराच्या दक्षिणेस व पूर्वेस कांहीं गांवांत थोड्या दिवसांत पांच फुटांहून अधिक थर सांचला होता. नवल असें कीं, या हिमवर्षावाचे पट्टे फार अरुंद असतात. एका गांवांत कमरेइतकें हिम आणि चार-सहा मैलांवर लख्ख ऊन, असाही प्रकार घडतो. सरोवर गोठलें कीं हा पुरवठा बंद पडतो. पण तेवढ्यानें निर्धास्त होऊन चालत नाहीं. १९७७ च्या जानेवारींत गोठलेल्या सरोवरावर सांचून राहिलेलें हिमच वाऱ्यानें उचललें आणि शहरावर आणून ओतलें.

आतां दाराशीं पडलेल्या हिमाचा भार किती, हें त्रैराशिकानें पाहूं. घरापासून सडकेपर्यंतची मोटारीची वाट साठ फूट लांब आणि वीस फूट रुंद आहे, व तीवर एक फूट हिम पडलें आहे, असें धरावें. म्हणजे १,२०० घनफूट, अर्थात् सुमारें ३४ घनमीटर. ताज्या हिमाचें वजन तेवढ्याच पाण्याच्या दशांश धरलें तरी एकूण ३,४०० किलो, म्हणजे चौतीस क्विंटल भरतें. फावड्यानें एका खेपेस पांच किलो उचललें तर ६८० खेपा होतात. आणि तें संपतें न संपतें तोंच पुन्हां पडूं लागतें! थंडीनें रक्तवाहिन्या आकुंचित झालेल्या असतात. त्यांत दोन्ही हातांनीं ओझें उचलावयाचें आणि तेंही श्वास रोखून. हृदयावर त्याचा ताण एकदम पडतो. उतारवयाच्या आणि हृदयविकाराच्या माणसांनीं हें काम अंगावर घेऊं नये, असा इशारा तेथील तज्ज्ञ दर हिंवाळ्यांत देतात. २०२२ च्या नाताळांत बफेलोच्या परिसरांत जें हिमवादळ झालें त्यांत चाळिसांहून अधिक माणसें दगावलीं. कांहीं मोटारींत अडकून गेलीं, कांहीं हिम उपसतांना कोसळलीं, आणि कांहींच्या दारापर्यंत रुग्णवाहिकाच पोंचूं शकली नाहीं.

म्हणून यंत्र. चिरंजीवांच्या घरीं जें आहे त्यास तेथें गार्डन ट्रॅक्टर म्हणतात. आपल्या शेतांवरील ट्रॅक्टरचा तो धाकटा भाऊ. उन्हाळ्यांत त्याच्या पोटाखालीं गवत कापण्याचीं पातीं असतात. पानगळ संपली कीं तीं सोडवून ठेवतात आणि पुढें चार फूट रुंदीची वांकदार लोखंडी फळी बसवितात. ती वर-खालीं करतां येते, तशीच डावीकडे वा उजवीकडे तिरपीही करतां येते. नुसतें एवढें मात्र पुरत नाहीं. इंजिनांत शक्ति कितीही असो, तिचा उपयोग चाकांच्या पकडीइतकाच. म्हणून मागील चाकांवर सांखळ्या चढवितात आणि पाठीमागें वजन लादतात. कित्येक जण वजनासाठीं चाकांच्या आंत द्रव भरतात. साधें पाणी गोठून जाईल, म्हणून लवकर न गोठणारा बीटचा रस घालण्याचीही तेथें चाल आहे. इतकें करूनही एक मागील चाक घसरूं लागलें, तर इंजिनाची सारी गति त्याच चाकाकडे धांवते आणि तें जागच्या जागीं गरगर फिरत राहतें. ज्याची पकड भक्कम आहे तें दुसरें चाक मात्र स्वस्थ उभें! दोन्ही चाकें एकत्र जखडणारी कळ ज्या यंत्रास असते त्याचीच अशा वेळीं सरशी होते. एकत्र कुटुंबांतील वाचकांस हा न्याय अधिक फोड करून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

परंतु या कामांतील खरें शहाणपण यंत्रांत नाहीं. काढलेलें हिम टाकावें कोठें, हा खरा प्रश्न आहे. हंगामाच्या पहिल्या वर्षावाच्या वेळींच तें वाटेच्या कडेपासून होईल तितकें दूर लोटावें लागतें. कडेलाच ढीग केला तर तो गोठून पाषाणासारखा होतो, नंतर फळीस दाद देत नाहीं, आणि फेब्रुवारीपर्यंत वाट निम्मी होऊन बसते. शिवाय नगरपालिकेचें मोठें यंत्र सडक साफ करतां करतां प्रत्येकाच्या वाटेच्या तोंडाशीं जड हिमाचा बांध घालून जातें. तेथें वाहनें सडकेच्या उजव्या बाजूनें चालतात; म्हणून घराकडे पाठ करून उभें राहिलें असतां तें यंत्र डावीकडून येतें. जाणता गृहस्थ वाटेच्या डाव्या अंगास, सडकेलगत, थोडी जागा आधींच मोकळी करून ठेवतो. यंत्रापुढील भार तेथें उतरतो आणि वाटेचें तोंड पुष्कळ अंशीं वांचतें. आपलें हिम सडकेवर लोटावयाचें नाहीं, शेजाऱ्याच्या हद्दींत टाकावयाचें नाहीं, आगीच्या बंबाचा नळ झांकावयाचा नाहीं. घर उबदार ठेवणाऱ्या भट्टीचा धूर ज्या नळीवाटें बाहेर जातो ती नळीही मोकळी ठेवावयाची, नाहीं तर विषारी वायु घरांत कोंडतो. आमच्याकडे आगोटीस घराभोंवतीं चर खणतांना वडील मंडळी सांगत कीं, पाणी आपल्या अंगणांतून काढावयाचें तें दुसऱ्याच्या पडवींत सोडण्यासाठीं नव्हे. हजारों मैलांवर तोच नियम, पदार्थ तेवढा निराळा!

फावड्यानें दोन-अडीच तासांचें जें काम, तें यंत्रानें पाऊण तासांत उरकतें. आमचे चिरंजीव मात्र पाऊण तासांत कधींच घरांत परत आले नाहींत. शेजारच्या घरांत ऐंशी उलटलेल्या एक विधवा बाई एकट्याच राहतात. त्यांचीं मुलें दूरच्या राज्यांत असतात. त्यांची वाटही चिरंजीवच साफ करतात. जानेवारींतील एका पहांटे तर त्यांनीं आपल्या दारचें सोडून आधीं शेजारच्या दारींच यंत्र घातलें. आमच्या सौभाग्यवतींनीं खिडकींतून पाहिलें, आणि ते आंत येतांच विचारिलें, “अरे, आपली वाट तशीच राहिली कीं! तुला कचेरींत नाहीं का जायचें?”

ते म्हणाले, “आई, आज त्यांचा डायलिसिसचा दिवस. सात वाजतां गाडी येते. आपली वाट बंद राहिली तर मला उशीर होईल, इतकेंच. त्यांची खेप चुकून चालत नाहीं.”

आम्हीं बाहेर येऊन फावडें धरण्याची इच्छा दर्शविली, तेव्हां “अण्णा, तुम्ही आंतच बसा, तुम्हांला कांहीं झालें तर तुमच्यासाठींही गाडी बोलवावी लागेल,” असें सांगून ते पुन्हां कामास लागले. पावणेसातास पिवळा दिवा लावलेलें तें यंत्र शेजारच्या फाटकांतून बाहेर पडलें, आणि थोड्याच वेळानें गाडी बाईंच्या पायरीपर्यंत बिनअडथळा गेली. बाईंनीं पूर्वीं पैसे देऊं केले होते. ते घेतले नाहींत म्हणून त्यांनीं आमच्या नातवासाठीं लोकरीची टोपी विणून पाठविली.

त्या दिवशीं आमच्या मनांत एक विचार आला, तो खोटा कशास सांगावा? आमच्या गांवच्या घरीं आम्ही दोघेंच असतों. पावसाळ्यांत कौल सरकलें किंवा विहिरीवरचा पंप अडला, तर आमचा मुलगा येऊं शकत नाहीं. तो दुसऱ्याच कोणा मातेची वाट मोकळी करीत असतो. क्षणभर याचें वाईट वाटलें. पण मग आठवलें कीं, आमच्या छपरावर चढून कौल सारखें करणाराही आमचा मुलगा नसतोच. तो आळींतील एका घरचा तरुण. आम्ही न बोलावतां येतो आणि चहाशिवाय कांहीं घेत नाहीं. ऋण फेडावयाचें तें ज्याचें घेतलें त्यालाच फेडतां येतें, असें नाहीं. पुष्कळदां तें जेथें आपण उभे असूं तेथेंच फेडावें लागतें. आणि हा व्यवहार चालूं राहिला तरच दूर राहणाऱ्या मुलांच्या आईबापांस स्वस्थ झोंप लागते.

यंत्रें वाईट कीं चांगलीं, हा वाद आमच्या तरुणपणापासून ऐकत आलों. आम्हांस आतां त्यापेक्षां दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो : यंत्रानें वांचविलेला वेळ कोणाचा? आपल्या घरींही गॅस आला, कुकर आला, मिक्सर आला, कपडे धुण्याचें यंत्र आलें. रोजचे दोन-तीन तास वांचले. ते कोठें गेले, याचा हिशेब प्रत्येक घरानें एकदां मांडून पाहावा. त्यांतील घटकाभर जरी शेजारच्या आजारी माणसाच्या दारीं खर्च झाली असेल, तरी त्या यंत्राचें मोल वसूल झालें असें आम्ही समजूं.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुलें-मुली आज अशाच हिमाच्या देशीं आहेत. त्यांच्याशीं फोनवर बोलतांना आपण नेहमीं विचारतों, “थंडी फार आहे का? जेवलास का?” तें अवश्य विचारावें. पण त्याच्या जोडीला आणखी एक विचारावें : “तुझ्या शेजारीं कोण राहतें, आणि त्यांची वाट कोण साफ करतें?”