नवा विस्तव

धैर्य हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे रणांगण उभे राहते. आमच्या गावापासून तीन-चार कोसांवर वसईचा किल्ला आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगिजांकडून जिंकला. त्याच्या पडक्या तटावर चढून आम्ही मुले लढाईचा खेळ खेळत असू, आणि त्या खेळात माझ्याएवढा शूर दुसरा कोणी नसे. परंतु खऱ्या धैर्याची परीक्षा जेव्हा प्रथम माझ्यापुढे येऊन ठाकली, तेव्हा मी एकदा नव्हे, तीनदा हरलो. ती हकीकत मी आज तुम्हांला सांगणार आहे.

ही गोष्ट १९६९ सालची. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. उत्तर वसईतील आमचे गाव ख्रिस्ती शेतकऱ्यांचे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर, आणि मधल्या पट्टीत केळीच्या बागा, पानवेली, भाताची शेते व घरोघरच्या विहिरी. विहिरीवर बैलांचा रहाट करकरत असे. घरात आम्ही आमची बोली बोलत असू आणि शाळेत मराठी शिकत असू. देवळात मात्र पूर्वी लॅटिन भाषा चाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतरच्या त्या काही वर्षांत, आमची उपासना मराठीतून होऊ लागली होती. जे शब्द आजवर नुसते कानांवरून जात, ते आता मनात शिरू लागले होते. माझ्या गोष्टीत या एका बदलाला फार महत्त्व आहे.

ईस्टर म्हणजे प्रभू येशूच्या पुनरुत्थानाचा सण. नाताळची तारीख ठरलेली असते, ईस्टरची मात्र चंद्रावरून ठरते. एकवीस मार्च या दिवशी किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्या पुढच्या रविवारी हा सण येतो. त्यापूर्वी, रविवार सोडून, चाळीस दिवस उपवासकाळ पाळतात. त्याचा आरंभ राखेच्या बुधवारी होतो. आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख त्या दिवशी प्रत्येकाच्या कपाळी लावतात. माणूस मातीचा आहे, याची ती आठवण असते.

त्या वर्षी झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या शुक्रवारी शाळा लवकर सुटली. मी घरातून काडेपेटी आणि चार रताळी घेऊन गुपचूप शेतावर गेलो. वाटेत बावखलाच्या काठी शेजारच्या मावशीकडचा गडी म्हशी धूत होता. गडी कसला, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा मुलगा तो. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका आदिवासी पाड्यावरून तो कामाला आला होता. त्याने मला हाक मारली, मीही त्याला हात केला.

बांधाच्या आडोशाला मी पालापाचोळा पेटवला आणि रताळी विस्तवात पुरली. दुपार कलली की आमच्याकडे समुद्रावरून वारा सुटतो, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण रताळ्यांच्या वासापुढे वाऱ्याची आठवण कोणाला राहणार? एक जळते पान उडाले, ते वाळल्या गवतावर पडले, आणि पाहता पाहता आग सरपटत मावशीच्या पेंढ्याच्या उडवीपर्यंत पोचली. मी पायांनी गवत तुडवले, धूळ उधळली, आणि काही उपाय चालेना तेव्हा मी पळालो.

लोक धावून आले. विहिरीपासून शेतापर्यंत माणसांची रांग लागली. आग पुढे पसरली नाही, पण उडवी मात्र राख झाली. मावशी विधवा होती. दोन म्हशींच्या दुधावर तिचा संसार चाले, आणि पाऊस पडून हिरवा चारा उगवेपर्यंत त्या म्हशींना तेवढाच पेंढा होता.

आग कोणी लावली? संध्याकाळी गोठ्यात डासांसाठी धूर करण्याचे काम त्या मुलाचे होते. त्याच्या कनवटीला नेहमी काडेपेटी असे. तेवढा पुरावा लोकांना पुरला.

रात्री बाबांनी मला विचारले, “तू शेताकडे गेला होतास का रे?” मी म्हटले, “नाही.” सकाळी मावशीने विचारले, “बाळा, तुला कोणी दिसले का तिकडे?” मी म्हटले, “नाही, मावशी.” इतक्यात तो मुलगा पुढे आला. त्याचे डोळे लाल झाले होते. तो मला म्हणाला, “तू मला बावखलावर पाहिलंस ना? सांग ना यांना!”

माझ्या एका शब्दाने तो सुटला असता. मी जमिनीकडे पाहिले आणि म्हणालो, “मला ठाऊक नाही.”

मावशीने त्याची मजुरी अडकवून ठेवली आणि त्याला घालवून दिले. तो डोंगराच्या वाटेने एकटा चालत गेला. त्याने एकदाही मागे वळून पाहिले नाही.

त्यानंतरचा आठवडा आमच्या धर्मात सर्वांत पवित्र मानला जातो. झावळ्यांच्या रविवारी हातात झावळ्या घेऊन आम्ही मिरवणुकीने देवळात गेलो. गुरुवारी संध्याकाळी पाद्रीबाबांनी गुडघे टेकून गावातील बारा पुरुषांचे पाय धुतले, कारण येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते. त्या रात्रीपासून देवळाची घंटा मुकी झाली. तिच्याऐवजी लाकडी फळीचा कोरडा कडकडाट ऐकू येऊ लागला. तो आवाज माझ्या छातीत घुमे.

शुभ शुक्रवारी, चार एप्रिल रोजी, येशूच्या दुःखसहनाची कथा मराठीतून वाचली गेली. येशूला धरून नेल्यावर त्याचा शिष्य पेत्र मागोमाग गेला. अंगणात चाकरांनी कोळशांचा विस्तव पेटवला होता, तेथे तो शेकत उभा राहिला. तू त्याच्या शिष्यांपैकीच ना, असे लोकांनी त्याला तीन वेळा विचारले आणि तिन्ही वेळा त्याने नाकारले. मग कोंबडा आरवला.

ही कथा मी लॅटिनमध्ये अनेकदा ऐकली असेन, पण मला ती कधी समजली नव्हती. आता प्रत्येक शब्द समजत होता. मला वाटले, ही पेत्राची कथा नव्हे, माझीच आहे. विस्तव तोच होता, आणि तिन्ही नकारही तेच होते. सारे देऊळ माझ्याकडे पाहत आहे असे वाटून मी आजीच्या पदराआड सरकलो. त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे शेजारचा कोंबडा आरवला, तेव्हा मी कानांवर हात ठेवले.

शनिवारी रात्री पुनरुत्थानाचा जागर होता. पौर्णिमा उलटून तीन दिवस झाले होते. देवळातले सारे दिवे मालवले होते आणि अंगणात माणसे अंधारात उभी होती. पाद्रीबाबांनी नवा विस्तव पेटवून त्याला आशीर्वाद दिला, त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावली आणि ती उंच धरून ते अंधाऱ्या देवळात शिरले. त्या एका ज्योतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशा मेणबत्त्या पेटत गेल्या. ज्योत वाटली तरी पहिली ज्योत लहान होत नाही, हे पाहून मला नेहमी नवल वाटे.

त्या रात्री नवल वाटण्याजोगी माझी मनःस्थिती नव्हती. माझ्या डाव्या हाताला नेमकी मावशी उभी होती. तिची मेणबत्ती पेटली तशी ती माझ्याकडे वळली, किंचित वाकली आणि आपल्या ज्योतीने तिने माझी मेणबत्ती लावली. मी तिची उडवी जाळली होती, आणि ती मला विस्तव देत होती! माझा हात इतका कापू लागला की वितळलेले मेण बोटांवर सांडले. पुढे सर्वांना विचारण्यात आले, की तुम्ही वाईटाचा त्याग करता काय? सर्वांनी मोठ्याने होकार दिला. माझे ओठ उघडले नाहीत. आजीने माझ्याकडे एकदा पाहिले, पण ती काही बोलली नाही.

घंटा पुन्हा वाजू लागल्या. उपासना संपली. लोक अंगणात येऊन एकमेकांना सणाच्या शुभेच्छा देऊ लागले. आजी मला बाजूच्या दगडी क्रुसाजवळ घेऊन गेली. “बोटं दाखव,” ती म्हणाली. पोळलेली बोटे पाहता पाहता तिने विचारले, “पोळलं ते इथंच, की आणखी कुठं?”

मग मला रडू आवरेना. मी तिला सारे सांगितले. ती रागावली नाही, आणि तिने मला कुरवाळलेही नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, “पेत्रसुद्धा घाबरला होता. बाहेर जाऊन रडला. पण तो रडतच बसला असता, तर त्याचं नाव आज कोणी घेतलं असतं का? चल, मावशी अजून अंगणात आहे. मी तुझ्याबरोबर येते. बोलायचं मात्र तू.”

अंगणातले ते वीस-पंचवीस पावलांचे अंतर माझ्या जन्मातले सर्वांत लांब अंतर होते. आजीचा खरबरीत हात माझ्या खांद्यावर नसता, तर मी ते चालू शकलो नसतो. मावशीपुढे उभा राहून मी म्हणालो, “मावशी, उडवी मी जाळली. तो मुलगा बावखलावर होता. मी त्याला पाहिलं होतं.”

आजूबाजूचे बोलणे थांबले. मावशी रागावेल, बाबा हात उगारतील, असे मला वाटले होते. मावशी मात्र पेंढ्याविषयी एक अक्षरही बोलली नाही. ती मटकन खाली बसली आणि म्हणाली, “म्हणजे त्या पोराला मी उगीच घालवलं! त्याची मजुरीसुद्धा दिली नाही!” हे ऐकताच अनेकांच्या माना खाली गेल्या, कारण त्या मुलावर आळ घेताना त्यांनीही मान डोलावली होती. चूक एकट्या माझ्या हातून घडली होती, पण अन्याय आम्हां सर्वांच्या हातून झाला होता.

दुसऱ्या दिवशी ईस्टरचे जेवण होताच मावशी, बाबा आणि मी पाड्यावर गेलो. मावशीने मजुरी त्या मुलाच्या आईच्या हातात ठेवली आणि सर्वांदेखत आपली चूक कबूल केली. मी त्याची क्षमा मागितली. तो झोपडीच्या कुडाला टेकून उभा होता. त्याने मला उत्तर दिले नाही. मला वाटले होते, खरे बोलले की सारे क्षणात पूर्ववत होईल. तसे झाले नाही, आणि तसे का व्हावे? मी मोडलेला विश्वास त्याने जोडून द्यावा, असे म्हणण्याचा मला कोणता अधिकार होता?

त्याच आठवड्यात गावातल्या घराघरांतून मावशीकडे पेंढ्याचे भारे येऊ लागले. पलीकडच्या आळीतील हिंदू शेजाऱ्यांनीही आपापल्या उडवीतून भारे दिले. आमच्या घरचे भारे सर्वांहून अधिक होते, आणि ते मी माझ्या डोक्यावरून वाहून नेले. पाऊस पडेपर्यंत मावशीच्या म्हशींना रोज पाणी पाजण्याचे काम बाबांनी मला लावून दिले. आठ दिवसांनी तो मुलगा कामावर परत आला, पण माझ्याशी तो बोलत नसे.

मृगाच्या आधी एका संध्याकाळी मी बावखलावरून घागर भरून आणत होतो. तो बांधावर बसला होता. त्याने कनवटीची काडेपेटी काढली, माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, “रताळी आण. भाजू या. पण इथं, पाण्याजवळ. आणि घागर भरलेली ठेव.” आम्ही दोघांनी मिळून विस्तव पेटवला. त्या रताळ्यांची चव मी अद्याप विसरलेलो नाही.

पेत्राच्या कथेचा पुढचा भाग मी नंतर वाचला. पुनरुत्थानानंतर येशू सरोवराच्या काठी शिष्यांना भेटला. तेथेही कोळशांचा विस्तव होता, आणि त्यावर त्यांच्यासाठी मासे भाजत ठेवले होते. ज्याने तीन वेळा नाकारले होते, त्याला येशूने तीन वेळा एकच प्रश्न केला: तुझे माझ्यावर प्रेम आहे काय? तो भेकड पेत्र पुढे भर लोकांसमोर निर्भयपणे उभा राहिला.

मुलांनो, आता माझे केस पांढरे झाले आहेत. गावातले रहाट थांबले, शेतांच्या जागी घरे उभी राहिली. दर ईस्टरच्या रात्री मात्र मी अजून त्याच अंगणात उभा असतो. शेजारचा कोणी आपल्या ज्योतीने माझी मेणबत्ती लावतो आणि मी पुढच्याची लावतो. धैर्य हे असेच असते, असे मला वाटते. ते माझ्याजवळ नव्हते. आजीने आपल्यातले थोडे मला दिले, मावशीने दिले, आणि पाड्यावरच्या त्या मुलाने सर्वांत अधिक दिले. तुमच्या शेजारी कोणी भ्यालेला उभा असेल, तर त्याच्याकडे थोडे वाका. तुमची ज्योत त्यामुळे लहान होणार नाही.