ऊन आहे, पण दोरी नाही!

मैत्रिणींनो, कॅलिफोर्नियाला जाऊन आलेल्यांनी गोल्डन गेट पुलाची वर्णनं पुष्कळ लिहिली आहेत. मी आज तुम्हांला तिथल्या परसदारी नेणार आहे. बाईची नजर शेवटी तिकडेच जाते, नाही का?

माझी नणंद सॅन होजेला असते. गेल्या जुलैत सासूबाईंबरोबर मी महिनाभर तिच्याकडे राहिले. तिथला उन्हाळा म्हणजे कोरडी हवा आणि लख्ख ऊन. पावसाचं नाव नाही. पण टुमदार घरांच्या अख्ख्या ओळीत एकाही अंगणात कपडा वाळताना दिसेना! धुण्याच्या यंत्रातून कपडे थेट वाळवण्याच्या यंत्रात, म्हणजे ड्रायरमध्ये जातात. "अगं, एवढं ऊन फुकट चाललंय!" सासूबाईंना राहवेना. आपल्या मऊ सुती साड्या त्या यंत्रात घालायचं त्यांच्या जिवावर येई.

"आई, इथं नाही चालत. नियम आहे," नणंद म्हणाली.

हा नियम सरकारचा नव्हे. तिथल्या पुष्कळ वसाहतींत घर घेतलं, की घरमालकांच्या संघाचं सभासद व्हावंच लागतं. हिरवळ कशी राखायची, घराला रंग कुठला द्यायचा, सगळं संघ ठरवतो. दोरीवर कपडे दिसले, की वस्ती गरिबांची वाटते आणि घरांच्या किमती उतरतात, ही त्यामागची भीती.

नणंदेच्या यजमानांनी चौकशी केली, तेव्हा वेगळंच कळलं. कॅलिफोर्नियात २०१५ साली कायदा झाला आहे. घरामागच्या खासगी अंगणात दोरी किंवा स्टँड लावायला संघ सरसकट बंदी करू शकत नाही. फक्त वाजवी अटी घालू शकतो. कोलोरॅडोत २००८ मध्ये आणि व्हरमाँटमध्ये २००९ मध्ये असे कायदे आधीच झाले होते. ऊन वापरायलाही कायदा लागावा! मात्र बाल्कनी नि कठडा यांना 'दोरी' मानू नये, असंही त्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यात आहे. म्हणजे अंगणवालीला ऊन मिळालं, फ्लॅटवाली राहिली तशीच.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंची साडी अंगणात झुलली. कुंपणापलीकडच्या आजींनी काळजीनं विचारलं, "तुमचा ड्रायर बिघडला का?" (त्यांना दुसरं कारणच सुचेना!)

यंत्र वाईट, असं मी म्हणत नाही. श्रावणात बाळाची दुपटी वाळेनात, तेव्हा ड्रायर देवासारखा धावून येईल. पण विजेवरचा मोठा ड्रायर एका खेपेला दोन ते चार युनिट वीज खातो. त्याच्या जाळीवर कापसासारखा थर जमतो, तो आपल्याच कपड्यांचा झिजलेला धागा. जाळी दर वेळी साफ केली नाही, तर आगीचा धोका. ऊन बिचारं काही मागत नाही.

पुण्याला परतले, तर आमच्या सोसायटीच्या फळ्यावर सूचना! 'रस्त्याकडच्या बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत, इमारतीची शोभा जाते.' वार्षिक सभेत तसा ठराव येणार आहे. माझ्या शेजारणीला बाल्कनी एकच, तीही रस्त्याकडे. घरात सहा महिन्यांचं बाळ आणि अंथरुणाला खिळलेले सासरे; दिवसातून दोनदा धुणं निघतं. तिनं शोभा सांभाळायची की माणसं?

नियम नकोतच, असं नाही. वरचं पाणी खालच्या वाळत्या कपड्यांवर ठिबकतं, हा खरा त्रास. तेव्हा कपडे घट्ट पिळूनच घालावेत, कठड्याबाहेर लोंबू देऊ नयेत, दोरी कठड्याच्या आतच बांधावी, आणि सोसायटीनं गच्ची दिवसा उघडी ठेवावी. एवढं पुरे आहे. मी हेच लिहून सेक्रेटरींकडे दिलं आहे.

तुमच्याकडेही आज ना उद्या असा ठराव येईल. सोसायटीच्या सभेला बहुतेक घरांतून पुरुष जातात, आणि दोरीवर कपडे घालतं कोण? तेव्हा आपलं म्हणणं आधीच लिहून द्या, आणि सभेच्या दिवशी जमेल तर स्वयंपाक लवकर आटपून स्वतः जा!