पांढरी पाचच्या आसपास

स्पीकरमधून दोन आवाज येतात, आणि ते दोन आहेत हे कळायलाच वेळ लागतो. एक खालचा, जाड, जागचा न हलणारा. साउंडवाले त्याला हम म्हणतात. दुसरा बारीक आणि किरकिरा, आणि तो हलतो. माउस सरकवला की किर्रर्र करतो, पडद्यावरचं पान वर-खाली केलं की त्याचा सूर बदलतो, हात थांबला की गप्प होतो. हा दुसरा लॅपटॉपच्या पोटातलाच. आतले सगळे भाग एकाच सप्लायवर चालतात. एकाने अचानक जास्त करंट ओढला की त्याचा धक्का हेडफोनच्या जॅकपर्यंत पोचतो. आवाजाचं काम बाहेरच्या इंटरफेसकडे सोपवलं की तो बहुतेक वेळा जातो. त्याच्याबद्दल मला फारसं म्हणायचं नाही.

मला छळतो तो पहिला.

चार्जर काढला की तो जातो. लॅपटॉप बॅटरीवर आला की खोली एकदम मोठी वाटते. चार्जर लावला की परत घूं. म्हणजे ऐकू येतो स्पीकरमध्ये, आणि स्पीकर निर्दोष. ॲम्प्लिफायरही निर्दोष, त्याला जे मिळतं तेच तो मोठं करतो. दोन पिनांच्या चार्जरमध्ये मेन्सची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी थोडा करंट झिरपतो. धातूच्या लॅपटॉपवरून बोटांची मागची बाजू हलकेच फिरवली तर जी झिणझिण लागते ती त्याचीच. तो करंट परतीची वाट शोधतो, आणि त्याला सापडते ती ॲम्प्लिफायरला जाणाऱ्या ऑडिओ केबलची बाहेरची जाळी. तीन पिनांचा चार्जर घेतला तर वेगळंच दुखणं: लॅपटॉपचं अर्थिंग एका बोर्डातून, ॲम्प्लिफायरचं दुसऱ्या बोर्डातून, आणि केबलने दोघांना जोडलं की एक मोठं रिंगण तयार होतं. त्या रिंगणात काही मिलिव्होल्टचा फरक असला तरी कानाला पुरतो.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. हे सगळं चालू असताना ही म्हण डोक्यातून जात नाही. आपण ती चुकलेल्या बंबावर टीका म्हणून वापरतो. म्हण फार जुनी नसावी. आगीचा बंब आला इंग्रजी अमदानीत, म्हणजे म्हणीचं वय त्याच्यापलीकडे जात नाही. पण ही गावं कुठली? रामेश्वर आचऱ्याला आहे, देवगडजवळ गिर्ये इथेही आहे. सोमेश्वर रत्नागिरीजवळ आहे, पुण्यात पाषाणच्या बाजूला सोमेश्वरवाडी आहे, बारामतीकडे सोमेश्वरनगर आहे. बंबवाल्याला निरोप कुणी दिला असेल? घाईत, ओरडून, नावाचा शेवटचा ‘ईश्वर’ तेवढा नीट ऐकू येईल असा? की त्याला धूर दिसला, आणि धुराला गावाचं नाव नसतं? म्हणीत त्याला बोलायची संधीच नाही. तो पोचला, पाणी मारलं की नाही, परत आला का, काही कळत नाही. आणि मला हल्ली असं वाटायला लागलंय की क्वचित तो बरोबरही असेल. धूर रामेश्वरी दिसत असेल, ठिणगी सोमेश्वरी पडत असेल.

आमच्या जुन्या घराच्या मागच्या अंगणात, न्हाणीच्या भिंतीला लागून, अर्थिंगचा खड्डा होता. आत लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर फुटकं झाकण. एप्रिल-मे आला की आजोबा मला त्यात बादलीभर पाणी ओतायला लावायचे. तिथे झाड नाही, वेल नाही, आणि आपण पाणी घालतोय याचं मला फार नवल वाटायचं. “माती सुकली की वीज जात नाही गं खाली,” एवढंच ते सांगायचे. मीठ-कोळसा ओल धरून ठेवतात आणि ओली माती वीज वाहू देते, हे पुढे शाळेत कळलं. पण तेव्हा पाणी अंगणात पडत होतं आणि त्याचा उपयोग माजघरातल्या इस्त्रीला होणार होता. कुणी कुंपणावरून बघितलं असतं तर त्यालाही म्हण आठवली असती.

आता राहते त्या इमारतीत खड्डा कुठे आहे हे वॉचमनलाही माहीत नाही. वायरमनने टेस्ट लॅम्प काढला, एक टोक फेजला, दुसरं अर्थच्या भोकात, आणि बल्ब लागलाच नाही. बोर्ड उघडला तर हिरवी वायर भिंतीतून आलेली, स्क्रूपर्यंत न पोचलेली. तिसरं भोक होतं, पण त्याला मागे काही नव्हतं. इथे एक सांगायलाच हवं. हम घालवायला काही जण ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. हम जातोही. पण उद्या त्याच्या पत्र्याला फेज लागली तर तिला जमिनीत जायला माणसाच्या अंगाखेरीज वाट राहत नाही. असं करू नये. वायर जोडून घ्यावी, दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्यावीत, आणि तरी भागलं नाही तर ऑडिओच्या वाटेत छोटा आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मर बसवावा. त्यात दोन गुंडाळ्या असतात, एकमेकींना वायरने न जोडलेल्या. गाणं पलीकडे जातं, रिंगण तुटतं.

तो बसवला आणि लॅपटॉपचा हम गेला. मग त्याच्याखाली दुसरा ऐकू आला. तो मी लॅपटॉपवर उतरवतेय त्या मावशीच्या कॅसेटवरचा.

मावशी घरी गायची. जाहीर मैफल तिने केली नाही. संध्याकाळी तानपुरा लावायची, शेजारी टेपरेकॉर्डर, डोक्यावर ट्यूबलाइट. हम त्या खोलीतला आहे: टेपरेकॉर्डर मेन्सवर आणि ट्यूबचा चोक पितळी डब्यात अडकलेल्या भुंग्यासारखा. एका कॅसेटवर मध्येच लाईट जाते. हम तुटतो, पंखा मंद होत होत थांबतो, टेपरेकॉर्डर आतल्या सेलवर चालूच राहतो, आणि मावशी ताना थांबवून म्हणते, “गेली का गं?” आणि पुन्हा समेवर येते.

हम काढणाऱ्या सॉफ्टवेअरची रीत साधी आहे. गाणं नाही अशी जागा त्याला दाखवायची, तिथे जे आहे ते त्याने कचरा म्हणून ओळखायचं आणि सगळीकडून वजा करायचं. पण मावशीच्या कॅसेटवर गाणं नसतं तिथे तानपुरा असतो. तो गेला. आवाज उरला, आणि तो कशाच्या आधाराने लागलाय ते कळेनासं झालं. २०२० साली ऑनलाइन शिकवण्या सुरू झाल्या तेव्हा गाण्याच्या किती वर्गांत हेच झालं. बाईंचा तानपुरा त्यांच्या खोलीत वाजत होता आणि विद्यार्थ्यांकडे पोचत नव्हता. यंत्राच्या हिशेबात जे न बदलता सतत चालू आहे ते नको असलेलं. हा हिशेब सरसकट चुकीचा आहे असंही मला म्हणता येत नाही, पंख्याला तो लागू पडतोच.

आणि तानपुऱ्यात तर गुणगुण मुद्दाम आणतात. मिरजेच्या कारागिराकडे जवारी लावताना बघावं. घोडीचा माथा कानशीने, मग बारीक घासणीने असा उतरता करतात की तार तिला एका बिंदूवर न टेकता कंप पावताना थोडी थोडी चाटून जाते. मग तारेखाली दोरा. तो केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी तार मुकी असते, जरा पुढे खरखरते, आणि त्या दोन्हींच्या मध्ये एक जागा येते जिथे ती उघडते आणि एका तारेतून वरचे सूर एकामागून एक उतरायला लागतात. कारागीर मापपट्टी वापरत नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं: तार जिथे छेडली त्या बिंदूपाशी ज्यांचा कंप शून्य असतो ते स्वर नियमाप्रमाणे उमटू नयेत, पण तानपुऱ्यात आणि वीणेत ते उमटतात, ते या घोडीमुळे. म्हणजे नियमाने जे असायला नको, ते तिथे सगळ्यांत ठळक. दोरा केसभर चुकला तर त्यालाच आपण खरखर म्हणतो.

मी हमकडे परत यायला हवं, पण तो आता साधा राहिलेला नाही. तो काढायचा तर ५० हर्ट्‌झला खाच पाडायची, मग त्याच्या पटींना : १००, १५०, २००. मी २०० ला खाच पाडली आणि मावशीचा षड्ज पोकळ झाला. दोन्ही एकाच जागी आहेत. एकमेकांवर असे बसलेत की ठोकेही पडत नाहीत.

मावशी पांढरी पाचमध्ये गायची असं घरात म्हणतात. पांढरी पाचचा तो षड्ज १९६ हर्ट्‌झ. २०० म्हणजे पांढरी पाचच्या वर आणि काळी चारच्या खाली, कुठल्याच पट्टीत न बसणारा. मग कॅसेटचा वेग? सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर हे कागदावर. पट्टा सैल झाला की कमी. जुन्या ध्वनिमुद्रणांचा वेग सुधारताना हमचाच आधार घेतात, तो ५० वर आणला की वेग बरोबर. पण त्या काळी आपल्याकडे ५० म्हणजे ५० नसायचे. संध्याकाळी लोड चढला की ग्रिड ४९ च्याही खाली उतरे. (आता देशभर एक ग्रिड आहे, ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिण जोडली गेली तेव्हापासून, आणि चौकट ४९.९० ते ५०.०५ ची आहे.) ४९ ची चौपट १९६. बरोबर पांढरी पाच.

तर एक शक्यता अशी की मावशीने पेटीवरून सूर घेतला, आणि त्या संध्याकाळी सगळ्या पश्चिम महाराष्ट्रातली वीज योगायोगाने तिच्या षड्जावर येऊन थांबली. दुसरी अशी की वीज कधी ४९, कधी ५० असायची, आणि तिचा तीक्ष्ण कान चोकशी ठोके पडलेले सहन न होऊन तानपुरा त्याच्याकडे सरकवत राहायचा, रोज थोडा वेगळा, तिच्याही नकळत. लंडनचे पोलीस ग्रिडची वारंवारिता सतत नोंदवून ठेवतात आणि हमवरून ध्वनिमुद्रणाची वेळ ठरवतात. तशी त्या संध्याकाळची नोंद मिळाली असती तर हा प्रश्न सुटला असता.

दुसऱ्या कॅसेट लावून बघितल्या. ज्यांवर हम आहे त्यांतल्या काहींत षड्ज त्याच्यावर बसतो, काहींत बसत नाही. लाईट गेल्यानंतरचा तो तुकडा मोजून उपयोग नाही, तानपुरा आधीच लागलेला आहे. एक कॅसेट पूर्ण सेलवर भरलेली आहे, स्वच्छ, आणि तिचा वेग ताडून बघायला तिच्यावर काहीच नाही.

आई म्हणते, ती सूर पेटीवरूनच घ्यायची, मी स्वतः पेटी काढून द्यायचे. मावसबहीण म्हणते, पेटी घरात आली तेव्हा या कॅसेट भरून झाल्या होत्या. मावशी तानपुऱ्याला कान लावून बसायची आणि मध्ये कुणी बोललेलं तिला चालायचं नाही. दोघींना अगदी स्पष्ट आठवतं. आधी मला आईचं पटत होतं. आता कॅसेट कुठल्या वेगाने उतरवून ठेवायच्या हेही ठरत नाही, कारण हमवर विश्वास ठेवला तर मावशीची पट्टी बदलते, आणि पट्टीवर ठेवला तर मावसबहिणीचं म्हणणं खोटं पडतं.