अज्ञातवासींचा वाडा

पुण्याच्या शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याजवळ, एक जुन्या धाटणीची तीन मजली इमारत आहे. तिचे नाव ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’. हे नाव प्रथमच वाचणाऱ्याची बहुधा फसगत होते. दिनकर केळकर नावाचे कोणी राजे होऊन गेले असावेत, हा त्यांचा राजवाडा असावा आणि आत त्यांचे सिंहासन, मुकुट व रत्नजडित तलवारी ठेविल्या असाव्यात, असे त्यास वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. दिनकर गंगाधर केळकर हे राजे नव्हते, सरदार नव्हते, जहागीरदारही नव्हते. त्यांच्या घरचा व्यवसाय होता चष्म्यांचा. ‘राजा’ हे त्यांच्या मुलाचे नाव. हा एकुलता एक मुलगा बालपणीच निवर्तला. प्रथम मुलाचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव. शाळेच्या हजेरीपटावर लिहितात तसेच हे नाव आहे. ज्या मुलास हजेरी देण्याचे दिवस फार लाभले नाहीत, त्याचे नाव वडिलांनी आपल्या घराच्या दारावर कायमचे लिहून ठेविले.

केळकरांचा जन्म १८९६ चा. लोक त्यांना ‘काका केळकर’ म्हणत. ते कविताही लिहीत आणि त्या ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने प्रसिद्ध करीत. सुमारे १९२० पासून त्यांना जुन्या वस्तू जमविण्याचा छंद जडला. छंद पुष्कळांना असतो. कोणी तिकिटे जमवितो, कोणी नाणी. परंतु काकांचा छंद घराच्या कपाटात मावणारा नव्हता. ते गावोगाव हिंडले, जुन्या वाड्यांची दारे त्यांनी ठोठावली, बाजार धुंडाळले. पत्नी कमलाबाई यांची त्यांना मोठी साथ होती. १९६० पर्यंत सुमारे १५,००० वस्तू जमल्या. चाळीस वर्षांचा हिशेब मांडला, तर दर दिवसामागे एकीहून अधिक वस्तू! पावसाळा असो की उन्हाळा, सण असो की सुतक, हा क्रम चालूच राहिला असे समजावे लागते.

या घराचा थोरपणा नीट कळावा, म्हणून दुसऱ्या एका घराकडे क्षणभर वळले पाहिजे. मराठवाडा पूर्वी हैदराबाद संस्थानात मोडत असे. त्या संस्थानाचे एके काळचे दिवाण मीर युसुफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, हेही मोठे संग्राहक होते. १९४९ साली ते वारले आणि १९५१ साली हैदराबादेत त्यांच्या ‘दिवाण देवडी’ या वाड्यातच त्यांच्या संग्रहाचे प्रदर्शन लोकांसाठी खुले झाले. पुढे १९६८ साली तो संग्रह नव्या इमारतीत नेण्यात आला. देशोदेशींचे पुतळे, घड्याळे, चिनी मातीची भांडी आणि हस्तिदंताच्या वस्तू तेथे आहेत. ते सारे जमविण्यास अफाट संपत्ती हाताशी होती. पुण्याच्या चष्मेवाल्याजवळ तसे काही नव्हते. म्हणूनच की काय, त्याची दृष्टी अशा वस्तूंकडे वळली, की ज्यांकडे श्रीमंतांनी आणि विद्वानांनी तोवर फारसे पाहिलेच नव्हते.

कंधारहून रात्रभराचा प्रवास करून पुण्यास आलेला एखादा विद्यार्थी या घरात शिरला, तर प्रारंभी तो थोडा गोंधळतो. काही शस्त्रे तेथे आहेत. मगरीच्या कातडीचे चिलखतदेखील आहे. परंतु त्यांपेक्षा अधिक जागा भलत्याच वस्तूंनी अडविली आहे. येथे दिवे आहेत: टांगावयाचे, हातात धरावयाचे, देवापुढे लावावयाचे. येथे कुलपे आहेत, दौती आहेत, फण्या आहेत, कुंकवाचे करंडे आहेत, पानाचे डबे आहेत, हुक्के आहेत, खेळणी आहेत, स्वयंपाकाची भांडी आहेत. कोठे आख्खा नक्षीदार दरवाजाच भिंतीशी उभा आहे. यांपैकी बहुतेक वस्तू अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील. विद्यार्थ्याच्या मनात येते, ‘यात पाहावयाचे ते काय? असला अडकित्ता तर आमच्या आजोबांच्या पानाच्या डब्यातही होता!’

नेमके येथेच त्याने थांबावे. अडकित्ता म्हणजे काय? सुपारी कातरावयाचे साधे हत्यार. दोन दांडे एका खिळीने जोडलेले. एकास पाते, दुसऱ्यास बैठक. दांडे मिटले की मधल्या सुपारीचे खांड पडते. काम इतके साधे, की लोखंडाचे दोन ओबडधोबड तुकडेही ते करू शकतील. पण येथील अडकित्ते पाहावे. एकाचा पोपट झाला आहे, तर दुसऱ्याचा घोडा. एकावर माणसांच्या आकृती घडविलेल्या आहेत. अडकित्ता उघडावा तो त्या दूर होतात, मिटावा तो जवळ येतात. पोपटाच्या आकारामुळे सुपारी अधिक बारीक कातरली जाते असे नाही. तरीही कारागिराने तो पोपट घडविला. आणि ज्याने तो विकत घेतला, त्याने त्यासाठी दोन पैसे अधिक मोजले असतील. दिवसातून दहा वेळा हाती येणारी वस्तू सुंदर असावी, असे दोघांनाही वाटले, हेच त्याचे कारण.

पाय घासावयाच्या वज्रीची कथाही तीच. अंग धुताना टाचेची माती काढावयाची, एवढेच तिचे काम. तिची खालची बाजू खरखरीत असली म्हणजे पुरे. पण तिच्या वरच्या बाजूस, जेथे हाताची पकड यावयाची, तेथे पक्षी आणि प्राणी बसलेले दिसतात. ज्या घरात राजाचे पाऊल कधी पडले नाही, त्या घरातील बाईच्या टाचेसाठीही कोणा ओतकाम करणाऱ्याने आपली सारी कला पणास लाविली. त्या ओतकाम करणाऱ्याचे नाव काय? कोणास ठाऊक नाही. पोपट घडविणाऱ्या लोहाराचे नावही कोणी लिहून ठेविले नाही. हे सारे कारागीर अज्ञातच राहिले. पांडवांप्रमाणे त्यांच्याही वाट्यास अज्ञातवास आला; भेद इतकाच, की पांडवांचा अज्ञातवास एका वर्षाने संपला. ‘अज्ञातवासी’ हे नाव घेऊन कविता लिहिणाऱ्या माणसाने आपले आयुष्य या नावे हरपलेल्या कलावंतांची कामे गोळा करण्यात वेचावे, हा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

मराठवाड्याच्या मुलास या घरात आपल्या प्रदेशाची ओळख पटविणारी एक खूणही सापडते. पैठणच्या नावाने प्रसिद्ध असलेली चित्रकथीची चित्रे काकांनी जमविली होती. पूर्वी चित्रकथी लोक चित्रांची पोथी घेऊन गावोगाव फिरत. संध्याकाळी लोक जमले म्हणजे ते एकेक चित्र समोर धरीत आणि वाद्याच्या साथीवर रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगत. चित्रांतील रंग भडक, रेषा ठसठशीत, डोळे मोठे. तसे असणे आवश्यकच होते. कारण दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात शेवटच्या रांगेतील म्हातारीलाही राम कोणता आणि रावण कोणता, हे कळावयास हवे होते. पुढे करमणुकीची नवी साधने आली आणि ती पोथी बासनात गेली. जेथे तिला कोणी वाली भेटला नाही, तेथे तिचे कागद वाळवीने खाल्ले.

याच घरात ‘मस्तानी महाल’ नावाचे एक दालन आहे. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी १७३४ साली कोथरूड येथे मस्तानीसाठी एक महाल बांधविला. काळाच्या ओघात त्याची मोडतोड झाली. त्याचे जे अवशेष उरले होते, ते काकांनी आणविले आणि आपल्या संग्रहालयात पुन्हा जोडून उभे केले. येथे विचारी प्रेक्षकास एक प्रश्न पडतो. महाल कोथरूडचा, तो येथे का असावा? दरवाजा ज्या वाड्याचा, त्या वाड्यातून तो उचलून आणावा, हे योग्य की अयोग्य? दिव्याचे खरे स्थान देव्हारा. काचेच्या कपाटात तो कधीच पेटणार नाही. अडकित्त्याला येथे सुपारी मिळणार नाही. वस्तू संग्रहालयात आली, की ती जिवंत राहते, पण तिचे घर तुटते. हे दुःख खरे आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही.

तथापि दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. घरोघरी विजेचे दिवे आले, तेव्हा पितळेचे लामणदिवे अडगळीत पडले. स्टीलची भांडी आली, तेव्हा तांब्याची घंगाळी आणि पितळी तपेली मोडीत निघाली. मोडीच्या दुकानात तराजू असतो. त्या तराजूत नक्षीला वजन नसते. हत्तीच्या आकाराचा दिवा आणि फुटकी कळशी यांना तेथे एकच भाव. दोन्ही एकाच भट्टीत वितळतात आणि वितळलेले पितळ आपण पूर्वी कोण होतो, हे सांगू शकत नाही. काकांच्या वाड्यात आलेल्या वस्तूंपुढे घर आणि संग्रहालय असे दोनच मार्ग नव्हते. पुष्कळींपुढे संग्रहालय आणि भट्टी हेच दोन मार्ग होते.

१९६२ साली या संग्रहास संग्रहालयाचे रूप आले. पुढे १९७५ साली काकांनी तो सर्व महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ज्या वस्तू एकेक करून, स्वतःच्या पैशाने आणि पायपिटीने मिळविल्या, त्या विकल्या असत्या तर केवढे धन हाती आले असते! पण राजाचे नाव ज्या ठेव्यास दिले, तो ठेवा त्यांनी सर्वांच्या मुलांच्या हवाली केला. १९९० साली काका निवर्तले. आज संग्रहात २०,००० हून अधिक वस्तू आहेत. त्यांपैकी सुमारे २,५०० वस्तूच एका वेळी मांडता येतात. उरलेल्यांसाठी त्या वाड्यात जागा नाही.

पुण्याहून परतलेल्या विद्यार्थ्याने मग कंधारकडे नव्या नजरेने पाहावे. येथे भुईकोट किल्ला आहे, त्याभोवती खंदक आहे, राष्ट्रकूटांची आठवण सांगणारा जगत्तुंग सागर आहे. जवळच मानसपुरीच्या परिसरात क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे भग्न अवयव सापडले. अखंड असताना ही मूर्ती सुमारे ५० फूट उंच असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. असा देव कोणाच्या वाड्यात मावणार? कोणते कपाट त्याला पुरणार? काही वस्तूंना संग्रहालयात नेता येते. काहींसाठी गावालाच संग्रहालय व्हावे लागते. तेथे पहारेकरी नसतो, तिकीट नसते. दगडावर नाव कोरणारा हात आणि तो हात आवरणारा शब्द, दोन्ही गावातलेच असतात.

आणि घरांतील लहान वस्तूंचे काय? प्रत्येक घराला संग्रहालय होता येणार नाही. जुने जाऊन नवे येणारच. परंतु एक गोष्ट बारा वर्षांच्या मुलालाही करता येते. माळ्यावरची एखादी जुनी वस्तू मोडीत निघण्यापूर्वी त्याने ती हाती घ्यावी आणि आजीस विचारावे, ‘हिला काय म्हणत? ही कोणी वापरली? कोठून आणली? हिने काय करीत?’ जे कळेल, ते वहीच्या एका पानावर तारीख घालून लिहून ठेवावे. कारण वस्तूबरोबर तिचे नावही जाते. चरवी गेली की ‘चरवी’ हा शब्द जातो. तस्त गेले की ‘तस्त’ जाते. आणि ते शब्द जाणणारी आजी कायम बसून राहणार नाही. संग्रहालयातील पुष्कळ वस्तूंजवळ एक उणीव असते: वस्तू असते, पण तिच्या माणसाचे नाव नसते. ती उणीव भरून काढण्याची संधी पुण्याच्या त्या वाड्यात आता कोणालाच नाही. आपल्या घरात ती अजून आहे.