ड ची रांग

प्रिय सी-थ्री,

इंजिनिअरिंगला असताना ‘डायमंड प्रॉब्लेम’ पाठ करून आम्ही मार्क मिळवले. अ क्लासपासून ब आणि क निघाले, त्या दोघांपासून ड. एकच मेथड ब कडेही आहे आणि क कडेही. ड ने कोणाची चालवायची? सी-प्लस-प्लसमध्ये कंपायलर अडून बसतो, नाव घेऊन सांगा म्हणतो. जावाने क्लासपुरता हा रस्ताच बंद ठेवला. २०१४ साली आठव्या आवृत्तीत इंटरफेसना डीफॉल्ट मेथड मिळाल्या, तेव्हा तोच तंटा तिथे उभा राहिला. तुझं नाव मात्र आमच्या पुस्तकात नव्हतं.

तू, म्हणजे मेथड शोधण्यासाठी क्लासांची रांग लावणारा अल्गोरिदम, डिलन भाषेसाठी जन्मलास, १९९६ च्या एका शोधनिबंधात. पायथनचे जुने क्लास तेव्हा डावीकडून थेट खोल शिरत: ड, ब, अ, मग क. अ ची मेथड क ने मुद्दाम सुधारून लिहिली असली, तरी तिथवर कोणी पोचतच नसे. आजोबा आधी बोलत, त्यांची चूक दुरुस्त करणारा मुलगा मागे राही. २.२ आवृत्तीत हे सुधारलं, पण गुंतागुंतीच्या घराण्यांत क्रम बिघडे. सामुएले पेद्रोनी यांनी ते दाखवून दिलं आणि २.३ मध्ये पायथनने तुला घेतलं.

तुझी रीत मला फार आवडते. सगळ्या पालकांच्या रांगा समोर मांडायच्या. पहिल्या रांगेतला पहिला क्लास दुसऱ्या कुठल्या रांगेत कोणाच्या मागे उभा नसेल, तर तो घ्यायचा. असेल तर पुढच्या रांगेकडे वळायचं. म्हणून ड, ब, क, अ. मूल पालकाच्या आधी, आणि लिहिणाऱ्याने दिलेला डावा-उजवा क्रम जसाच्या तसा. एका पालकाने एक क्लास आधी, दुसरा नंतर म्हटलं आणि दुसऱ्या पालकाने उलट, तर तू क्लास बनवूच देत नाहीस. टाइपएरर. अंदाजाने कोणाला तरी पुढे करण्यापेक्षा हा नकार मला हजारपट मोलाचा वाटतो.

सुपरही याच रांगेने चालतं, हे मला उशिरा कळलं. ब च्या इनिटमध्ये मी सुपर न वापरता अ चं नाव थेट लिहिलं होतं. ब एकटा असेपर्यंत सगळं सुरळीत. पुढे कोणी तरी ड लिहिला आणि क चं इनिट कधी चाललंच नाही. दोन रात्री मी क मध्ये चूक शोधत होतो. सुपर म्हणजे ‘माझा पालक’ अशी माझी ठाम समजूत होती. सुपर म्हणजे रांगेतला पुढचा, आणि ती रांग ज्याचं ऑब्जेक्ट आहे त्याची, इथे ड ची! ब लिहिला तेव्हा क जन्मलाही नव्हता, तरी ब नंतर क चीच पाळी. हे एवढं वाक्य कोणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर!

सोमवारी टीममध्ये नवी मुलं येताहेत. फळ्यावर हिरा काढणार आहे, आणि एमआरओ, म्हणजे हीच रांग, छापून दाखवण्याआधी खडू त्यांच्याच हाती देणार आहे.

तुझा,
एक प्रोग्रामर